बॅटरी संपली की बसायचं

१४ सप्टेंबर

आत्या,

लांबूनच पाया पडतो, म्हणजे कान पकडला जाणार नाही. फोनवर माणसं खोटं बोलतात हे तुझं मत मला पटत नाही, पण वाद घालायच्या आत तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र.

काम सध्या एका मोठ्या इमारतीच्या तळघरात आहे. छताला पाइप टांगायचे, त्यासाठी स्लॅबला भोकं पाडायची. चाकाच्या परांचीवर चढायचं, ड्रिल डोक्याच्या वर धरायचं आणि दाबत राहायचं. सिमेंटची सगळी भुकटी तोंडावर. ही म्हणते, दारातच झटकून या, नाहीतर चाळणीतून गाळून घेईन.

जोडीला बुवा आहेत. नाव वेगळंच आहे, पण काम करताना सारखे गुणगुणतात म्हणून सगळे बुवा म्हणतात. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. भोक वाकडं गेलं तर ओरडत नाहीत, नुसतं गुणगुणणं थांबवतात. ते जास्त लागतं.

ड्रिल वायरचं नाही, बॅटरीचं. प्रत्येकाला दोन बॅटऱ्या. दोन्ही संपल्या की जिन्याखाली चार्जिंगचं टेबल आहे, तिथे लावायच्या आणि हिरवा दिवा लागेपर्यंत बसायचं. बॅटरी तापलेली असली तर चार्जर ती घेतच नाही, आधी गार होऊ देतो. मग आणखी बसायचं. सुपरवायझर येऊन म्हणतो, "काय, पंगत बसलीय का?" बुवा म्हणतात, "साहेब, आम्ही तयार आहोत, बॅटरीच नाही म्हणतेय." तो हात चोळत जातो.

लेक आता धावते. पडते जास्त.

तुझा,
ठोंब्या


२५ सप्टेंबर

ठोंब्या,

पत्र वाचून माझं डोकं तापलं, आणि ते गार करणारा चार्जर अजून निघालेला नाही. धडधाकट माणसं जिन्याखाली बसून टोमणे खातात, का, तर कंपनीला धड बॅटऱ्या घेववत नाहीत. मी विमा कंपनीत जन्मभर दावे तपासले. साधन भिकार द्यायचं आणि माणसाला आळशी ठरवायचं, हा प्रकार मला कागदाच्या वासावरून ओळखता येतो.

काल हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बोला आजी." मी म्हटलं, "आजी मी कोणाची नाही. जास्त वेळ चालणारी बॅटरी दाखवा." त्याने एक काढली. आकार विटेचा, वजनही जवळपास तेवढंच. त्याच ड्रिलला बसते आणि छोटीच्या तिप्पट चालते, म्हणाला. तिच्याबरोबर पंख्याचा चार्जर येतो, जेवण उरकेपर्यंत ती भरून तयार. "ड्रिल कोणतं आहे तुमच्याकडे?" म्हणाला. मी म्हटलं, "ड्रिल भाच्याकडे आहे. मला फक्त त्याच्या मालकांच्या डोक्यात भोक पाडायचंय." मग त्याने मला बसायला खुर्ची दिली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला दोनच गोष्टी घोटून शिकवल्या, पाठ ताठ ठेवायची आणि तक्रार लेखी करायची. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहिलं आहे. उद्या टाकते.

लेकीला पडू दे. धरायला धावू नकोस.

आत्या


४ ऑक्टोबर

आत्या,

पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तर माझं नाव आहे का त्यात, ते कळव.

आमचं बसणं म्हणजे नुसतं बसणं नसतं गं. कसं सांगू. परांचीवरून उतरलं की हातात मुंग्या भरलेल्या असतात, ड्रिल खाली ठेवलं तरी ते हातात चालूच आहे असं वाटतं. टेबलाशी बसलं की ते हळूहळू उतरतं. बुवा पाठ टेकून डोळे मिटतात. कोणी घरी फोन लावतो. जेवणाची सुट्टी सोडली तर कंपनीने आम्हाला दुसरी सुट्टी दिलेलीच नाही. ही बॅटरी देते. सुपरवायझरलाही काही बोलता येत नाही, कारण संपलेली बॅटरी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

चिडू नकोस.

ठोंब्या


११ ऑक्टोबर

ठोंब्या,

चिडले आहे. पत्र गेलं, आणि तुझं नाव त्यात आहे. निनावी पत्रं भित्रे लोक लिहितात.

सुट्टी हवी असेल तर तोंड उघडून सुट्टी मागावी. बॅटरीच्या आडून विश्रांती घ्यायची म्हणजे आपल्याच घरात चोरून खाण्यासारखं झालं. चांगली साधनं घ्या, ताठ मानेने काम करा, आणि दमलात तर सांगा की दमलो. यात अवघड काय आहे?

कंपनीचं उत्तरही आलं, आणि भाषा सभ्य आहे. कामगारांच्या कुटुंबीयांनी कामाच्या गतीबद्दल एवढी आस्था दाखवल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं म्हणे. सूचना स्वीकारली आहे, मोठ्या बॅटऱ्या मागवत आहेत. निवृत्तीनंतर माझ्या एखाद्या कागदावर कोणी काही केलं असं हे पहिलंच. शेजारणीला वाचून दाखवलं.

आत्या


२० नोव्हेंबर

आत्या,

बॅटऱ्या आल्या. सुपरवायझरने तुझं पत्र ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलंय, खाली मराठीत अर्थही लिहिलाय. पोरं बॅटरीला 'आत्याची वीट' म्हणतात. "आण रे ती आत्याची वीट." तुला आवडेल.

विटेमुळे ड्रिलचा तोल मागे जातो, मनगट जरा जास्त लावावं लागतं. सवय होईल. ड्रिल निसटलं तर लटकून राहावं म्हणून त्याला एक दोरी असते, ती छोट्या बॅटरीच्या मापाची आहे, विटेवर बसत नाही. नवीन मागवलीय म्हणतात.

जिन्याखालचं टेबल काढलं. तिथे आता पाइप रचतात. सकाळी चढलं की जेवायलाच उतरायचं, जेवून चढलं की घरी जायलाच. काम झपाट्याने चाललंय. सुपरवायझर आता हात चोळत नाही.

सगळे ठीक.

ठोंब्या


८ जानेवारी

ठोंब्या,

दीड महिन्याने चार ओळी पाठवल्यास, आणि अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेली असावी. बायकोशी भांडलास का? की मोबाइल बघत बघत लिहिलंस?

चार ओळींत "सगळं ठीक आहे" तीनदा आलं आहे. नोकरीत असताना ज्या दाव्यात असं तीनदा लिहिलेलं असे तो मी सगळ्यांत आधी उघडत असे. काय ते नीट लिही.

आत्या


२२ जानेवारी

आत्याबाई,

नमस्कार करते. यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा पत्राचा उल्लेख करू नका.

यांची बोटं पांढरी पडतात. नळाचं गार पाणी लागलं किंवा सकाळी दार उघडलं की टोकापासून सुरू होतं, मेणबत्तीसारखी होतात. मग निळी, मग लाल, आणि लाल झाली की हे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, कारण तेव्हा दुखतं. पांढरी असताना काहीच लागत नाही. मी एकदा सुई टोचून पाहिली. हे खिडकीबाहेर बघत होते, ते तसेच बघत राहिले.

लेकीच्या फ्रॉकची बटणं लावता येत नाहीत. म्हणतात, हल्ली बटणंच बारीक करतात. परवा ती हात वर करून यांच्यापुढे उभी राहिली. यांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, तूच घे.

तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. तुमचंही ऐकतात असं नाही, पण निदान घाबरतात.

तुमची सून


२९ जानेवारी

ठोंब्या,

मला कोणी काही कळवलेलं नाही, स्वप्न पडलं असं समज. हात पुढे करून डॉक्टरसमोर बस. आजच्या आज. आणि सुपरवायझरला लेखी दे की हातांना त्रास होतो. तू देणार नसशील तर मी देईन.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

तुझी स्वप्नं फार बारकाईने पडतात. हिला मी बोललो, मग वाईट वाटलं.

डॉक्टरकडे जाऊन आलो. यंत्राच्या थरथरीने होतं म्हणाला. हातातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा मरत जातात. ड्रिल आत्ता बंद केलं तर काही थोडं परत येईल, चालू ठेवलं तर काहीच नाही. मधे मधे थांबत होतात का, असं विचारलं. म्हटलं, पूर्वी थांबायचो.

बंद करून करू काय ते त्याने सांगितलं नाही. मागे आमच्यातल्या एकाने सुपरवायझरला हात दाखवले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात झाडू दिला आणि पुढच्या महिन्यात तो गेटबाहेर. मला येतं ते हे एकच काम. हे तळघर संपेपर्यंत ओढतो, मग बघू.

बुवांना सांगितलं. ते गुणगुणायचे थांबले, पण बोलले काही नाहीत.

आणि कंपनीला काही लिहू नकोस. हात जोडतो. एकदा लिहिलंस तेवढं पुरे झालं.

ठोंब्या


१५ फेब्रुवारी

ठोंब्या,

नाही लिहीत. शब्द दिला.

लोकरीचे हातमोजे पाठवते आहे. मोज्यांनी काही होणार नाही हे मलाही कळतं.

आत्या


११ मार्च

आत्याबाई,

बुवा गेले. यांच्या हातातून ड्रिल सुटून त्यांच्या अंगावर पडलं.

शेजारच्या परांचीवरचा माणूस घरी येऊन सांगून गेला तसं लिहिते. सकाळची वेळ होती, तळघर गार होतं. हे वर होते. बुवा खाली परांची धरून उभे होते, कारण तिच्या एका चाकाचा ब्रेक लागत नव्हता. त्यांच्या हातातला एक बोल्ट पडला, तो उचलायला ते वाकले. त्याच वेळी यांच्या हातातून ड्रिल गेलं. यांना ते गेल्याचं कळलंच नाही, हे तसेच हात वर करून उभे होते. ड्रिल वाकलेल्या मानेवर पडलं, विटेच्या बाजूने. दोरी लावलेली नव्हती. ती अजून आलेलीच नाही.

हे घरीच आहेत. लेक जवळ गेली की उठून दुसऱ्या खोलीत जातात.

काल सुपरवायझर एक छापील निवेदन घेऊन आला होता. ड्रिल चालू असताना खाली उभं राहायला मनाई आहे, तरी बुवा स्वतःहून तिथे उभे राहिले, असं त्यात आहे. यांनी सही केली की यांच्यावर काही येणार नाही, नोकरी राहील, आणि हात बरे होईपर्यंत स्टोअरमध्ये बसवतील. म्हणजे यांच्या हातांचं त्यांना ठाऊक आहे. पण मग बुवांच्या बायकोला काही मिळणार नाही. जाताना म्हणाला, "तुमच्या आत्याबाईंचं पत्र आहे आमच्याकडे. बॅटऱ्या तर तुमच्याच घरून मागितल्या होत्या."

पेन यांच्यासमोर ठेवून गेलाय. चौकशीला अजून वेळ आहे. काय करू ते सांगा.

तुमची सून


१४ मार्च

मुली,

पेन उचलून कपाटात ठेव. हे त्याला वाचून दाखव.

ठोंब्या, मी दावे तपासत होते तेव्हा एक गोष्ट रोज पाहिली. पहिल्या कागदावर जी सही होते ती टिकते. नंतर माणूस रडला, ओरडला, शपथा घेतल्या, तरी टेबलापलीकडचा तोच पहिला कागद काढून दाखवतो. या कागदावर सही केलीस तर बुवा स्वतःच्या चुकीने मेले असं कायमचं होईल. तू त्यांच्या हाताखाली शिकलास.

खरं सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल, हेही मला समजतं. हात गेलेल्या माणसाला पुन्हा कोणी ड्रिल देणार नाही. मी तुला धीर देत नाही, कारण द्यायला माझ्याकडे नाही. खोली आहे, पेन्शन आहे, आणि तोंड आहे. तिघं या आणि राहा.

माझं पत्र ते दाखवतील. दाखवू देत. ते माझंच आहे. बॅटऱ्यांबरोबर तुमचं बसणं काढून घ्या असं मी त्यात लिहिलं नव्हतं, पण बॅटऱ्या यायच्या आधी तू मला सांगितलं होतंस आणि मी तुलाच शिष्टाचार शिकवत बसले.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

मी सांगतोय, ही लिहितेय.

चौकशी झाली. सही केली नाही. कामगार खात्याचे अधिकारी होते, साधा माणूस, सर्दी झालेली. त्यांना सांगितलं की बोटांना काही कळत नाही, ड्रिल कधी सुटलं ते मला माहीत नाही. बुवा परांची धरायला उभे होते, कारण ब्रेक लागत नव्हता, आणि ते सुपरवायझरलाही माहीत होतं. दोरी आलेली नव्हती हे सांगितलं, टेबलाचंही सांगितलं. ते म्हणाले, "टेबलाचा काय संबंध?" मी म्हटलं, तिथे आम्ही बसायचो. त्यांनी पेन थांबवलं, पण लिहिलं की नाही ते दिसलं नाही.

कंपनीचे साहेब म्हणाले, याने आजार लपवला, दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही. मग अधिकाऱ्यांनी आमच्या सगळ्या गड्यांना आत बोलावलं. ओळीत उभं केलं आणि विचारलं, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, असं आणखी कोणाला होतं का? हात दाखवा.

कोणी दाखवले नाहीत. सगळे खिशात हात घालून उभे होते, आत्या. एकही हात बाहेर नव्हता. खोलीत पंखा चालू होता, बाहेर ऊन होतं. साहेबही बघत होते. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि लिहिलं, इतर कोणासही त्रास नाही.

त्यांच्यावर रागावू नकोस. गेल्या वर्षी मीही तसाच उभा राहिलो असतो.

बुवांची बायको बाहेर बाकावर होती. मी समोरून जायला धजत नव्हतो. तिनेच बोलावलं. "हात बघू," म्हणाली. बघितले आणि म्हणाली, "यांचेही असेच झाले होते. शर्टाची बटणं मी लावायचे. कोणाला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं." आम्ही एकाच परांचीवर होतो आणि मला हे माहीत नव्हतं. मी माझ्या हातांचं सांगितलं तेव्हा ते गप्प का झाले, ते आता कळलं. ती आत जाऊन हेही सांगून आली. साहेब म्हणाले, मेलेल्या माणसाचे हात आता कसे तपासणार?

निकाल असा आहे. बुवांची चूक नाही, त्यामुळे तिला भरपाई मिळेल. कंपनीचीही चूक नाही, साधनं उत्तम दर्जाची होती, त्याला पुरावा म्हणून तुझं पत्र जोडलंय. ब्रेकचं, दोरीचं त्यात अक्षर नाही. चूक माझी. मला कमी केलं.

तळघराचं काम चालू आहे. माझ्या परांचीवर नवीन माणूस चढला.

ठोंब्या


७ एप्रिल

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून मी टेबलाशी बसले आणि कागद ओढला. सवयीने. मंत्र्यांना, वर्तमानपत्राला, त्या सर्दी झालेल्या माणसाच्या वरच्या साहेबाला. वाक्यं तयार होती, चांगली झोंबणारी.

मग कागद बाजूला ठेवला. मागच्या वेळी मी तुझं पत्र वाचलं होतं, पण ऐकलं नव्हतं. तू लिहिलंस की आम्ही बसतो, आणि मी वाचलं की तुम्हाला कोणीतरी बसवून ठेवलंय.

म्हणून या वेळी आधी विचारते, आणि मला हे विचारायची सवय नाही, तेव्हा घाई करून घेऊ नकोस. मी लिहू का? लिहायचं असेल तर काय लिहू ते तू सांग. मी फक्त इंग्रजी करीन.

नको म्हणालास तर नाही लिहिणार. तिघं कधी येताय ते तरी कळव.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

लिही.

मोठ्या बॅटऱ्या परत घ्या असं लिहू नकोस. छोट्या परत आल्या तर पुन्हा कोणीतरी तुझ्यासारखं रागावेल आणि मोठ्या आणेल. बॅटरी किती का चालेना. वर चढलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी खाली उतरवा आणि बसू द्या, आणि तो बसला असताना त्याला कोणी काही बोलू नका. एवढंच लिही, जास्त सजवू नकोस.

माझं नाव घाल. बुवांचंही घाल, त्यांच्या बायकोला विचारून आलोय, ती हो म्हणाली. बाकीच्यांची घालू नकोस. ते रोज वर चढतात.

ठोंब्या